तीन शेजारी, चार सूर

मुलांनो, आजची गोष्ट एका मऊ दगडाची. दगड कसला मऊ, असं म्हणाल. पण हा खरोखरच नखानं खरवडता येतो. फ्रीड्रिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञानं १८१२ साली खनिजांना कठीणपणाचे क्रमांक दिले. त्यात हिरा १० वा, आणि अगदी तळाला, १ ला, हे आपलं शंखजिरं. बाळाच्या अंगाला लावायची टाल्कम पावडर वर्षानुवर्षं याचीच करत आले. चिमूटभर घेऊन दोन बोटांत चोळा. बोटं अशी सुळकन सरकतात, की मध्ये दगडाची पूड आहे हे पटतच नाही.

हा गुळगुळीतपणा येतो कुठून? शंखजिरं पापुद्र्यांचं बनलेलं असतं. एक पापुद्रा इतका पातळ, की मिलिमीटरभर जाडीत असे दहा लाखांहून जास्त पापुद्रे एकावर एक बसतात. पापुद्र्याच्या आतले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. पण वरचा पापुद्रा खालच्याला जेमतेम धरतो. बोटानं जरा रेटलं की घसरला. अभ्रकाचेही पापुद्रे सुटतात, पण तिथं दोन पापुद्र्यांच्या मध्ये पोटॅशियम बसलेलं असतं आणि ते दोघांना धरून ठेवतं. म्हणून अभ्रक शंखजिऱ्याहून कठीण.

आता एका पापुद्र्याच्या आत शिरू. वरच्या अंगाला सिलिकॉन आणि ऑक्सिजनची षटकोनी जाळी, खालच्या अंगाला तशीच दुसरी, आणि दोन्हींच्या मधोमध मॅग्नेशियमच्या अणूंचा एक सपाट थर. लायनस पॉलिंग यांनी १९३० साली अभ्रक आणि त्याच्या भाऊबंदांची रचना मांडली, तिच्यातून हे सगळं उलगडलं. जाळीतल्या प्रत्येक षटकोनाच्या पोकळीत आणखी एक जोडी असते, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची. तिचा ऑक्सिजन आतल्या बाजूला मॅग्नेशियमच्या तीन अणूंना धरून, आणि चिमुकला हायड्रोजन षटकोनाच्या मधोमध ताठ उभा, बाहेर तोंड करून. मॅग्नेशियमचे हे तीन अणू म्हणजे त्या जोडीचे तीन शेजारी, ते लक्षात ठेवा. पुढची सगळी मजा त्यांच्यातच आहे.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, प्रशांत महासागरात न्यू कॅलेडोनिया नावाचं बेट आहे. १८६० च्या दशकात झ्यूल गार्निए हा फ्रेंच अभियंता तिथं हिंडत होता. त्याला हिरवेगार दगड सापडले. हिरवा रंग होता निकेलचा. पुढे त्या दगडांना त्याच्याच नावावरून गार्निएराइट म्हणू लागले. त्यांच्यात शंखजिऱ्याच्या कुळातलं एक खनिज असतं, फक्त मधल्या थरात बऱ्याच ठिकाणी मॅग्नेशियमच्या जागी निकेल येऊन बसलेलं असतं. दोघांचा आकार जवळजवळ सारखा, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा आला तरी पापुद्रा बिघडत नाही.

पण आला तो कसा बसला? समजा मधल्या थरात निम्मं मॅग्नेशियम आहे आणि निम्मं निकेल. दोघं एकमेकांत मिसळून बसलेत, की इकडे सगळं मॅग्नेशियम आणि तिकडे सगळं निकेल असे गट करून? दगड फोडून, विरघळवून किती निकेल आहे ते सांगता येतं. कोण कोणाच्या शेजारी बसलंय, ते विरघळवल्यावर कसं कळणार?

"आबा, मग मोठ्या सूक्ष्मदर्शकातून बघायचं सरळ!" मुक्ताचं म्हणणं बरोबर आहे, पण साध्या प्रकाशाची लाटच अणूपेक्षा हजारो पटींनी मोठी. तिला अणू दिसणार नाही. इलेक्ट्रॉनचा सूक्ष्मदर्शक अणूपर्यंत पोचतो, पण अशा पाणीदार खनिजांचे पापुद्रे इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानं खराब होतात. राहिले क्ष-किरण. त्यांनीच पापुद्र्यांची जाडी मोजली, जाळी षटकोनी आहे हे दाखवलं. तरी त्यांना एक मर्यादा आहे. क्ष-किरण लाखो जागांची सरासरी सांगतात. निम्मं-निम्मं मिसळलेलं असेल तर ते म्हणतात, प्रत्येक जागेवर सरासरी अर्धं निकेल आहे. तुमच्या वर्गाची सरासरी उंची कळली म्हणून पहिल्या बाकावर कोणाशेजारी कोण बसतं ते कळतं का? म्हणून शेजार कळायला दुसरी वाट धरावी लागली. ती वाट सापडली एका संगीतकाराला.

विल्यम हर्शेल मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. इंग्लंडमध्ये बाथ या गावी तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, आणि रात्री दुर्बिणी घासून आकाश बघायचा. १७८१ साली ज्यानं युरेनस शोधला, तो हाच. १८०० साली तो सूर्य बघण्यासाठी रंगीत काचा तपासत होता. कोणत्या रंगातून उष्णता जास्त येते, हे त्याला ठरवायचं होतं. त्यानं लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवलं. जांभळ्यात कमी, हिरव्यात जास्त, तांबड्यात आणखी जास्त. मग त्यानं थर्मामीटर तांबड्याच्याही पलीकडे सरकवलं, जिथं डोळ्याला काहीच दिसत नाही तिथं. पारा तिथंच सगळ्यात वर चढला! मला हा प्रसंग फार आवडतो. जिथं काही दिसत नाही तिथंही मोजून पाहावं, हे सुचायला माणूस मोठाच असावा लागतो. तो न दिसणारा प्रकाश म्हणजे अवरक्त प्रकाश.

या प्रकाशाचं आणि अणूंचं फार जवळचं नातं आहे. अणू एकमेकांना धरून असले तरी स्वस्थ नसतात, सारखे कापत असतात. शंखजिऱ्यातला तो हायड्रोजन त्याच्या ऑक्सिजनपासून जरा लांब जातो, पुन्हा जवळ येतो, असं सेकंदाला एक कोटी गुणिले एक कोटी वेळा, त्याहून थोडं जास्तच. अवरक्त प्रकाशाच्या लाटाही याच वेगानं हेलकावतात. जी लाट हायड्रोजनच्या हेलकाव्याशी बरोबर जुळते, ती तो गिळून टाकतो. बाकीच्या लाटा आरपार जातात. पलीकडे कोणती लाट कमी पोचली ते मोजलं, की आत कोण कापतंय ते कळलं. याचा जो आलेख निघतो तो वर्णपट. शास्त्रज्ञ त्यातली जागा एका सोप्या रीतीनं सांगतात: एका सेंटिमीटरात त्या प्रकाशाच्या किती लाटा मावतात. शुद्ध शंखजिऱ्यातल्या हायड्रोजनची रेषा येते ३६७७ वर. सडपातळ, उभी, सुईसारखी रेषा. ती खरोखर हायड्रोजनचीच आहे का, याचीही खात्री करता येते. हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट जड भाऊ ड्यूटेरियम बसवायचा. जड अणू सावकाश हेलकावतो, आणि रेषा थेट २७०० च्या आसपास उतरते.

आता शेजाऱ्यांकडे या. ओंकार तंबोरा शिकतो ना? खुंटी किंचित सैल केली की तारेचा सूर उतरतो. आपल्या जोडीचंही तसंच होतं, आणि इथं खुंटी असते शेजाऱ्यांच्या हातात. ऑक्सिजनला तीन मॅग्नेशियम चिकटलेले असतील तर हायड्रोजनचा सूर ३६७७. त्यातला एक काढून निकेल बसवा. निकेल इलेक्ट्रॉनांना मॅग्नेशियमपेक्षा जास्त जोरानं स्वतःकडे ओढतं. त्यामुळे ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यातला बंध कणभर ढिला पडतो आणि सूर उतरून साधारण ३६६२ वर येतो. दोन निकेल आले तर साधारण ३६४५. तिन्ही निकेल, तर ३६२७ च्या आसपास. म्हणजे आपला एवढासा हायड्रोजन शेजारी किती निकेल आहेत ते मोजून, प्रत्येक वेळी वेगळ्या सुरात सांगतो. चार शक्यता, चार सूर.

पण या चार सुरांचे अर्थ असे बिनचूक लागले कसे? खाणीतल्या दगडावरून ते लावणं अवघड. त्यात लोखंड असतं, ॲल्युमिनियम असतं, दुसऱ्या खनिजांची भेसळ असते. रेषा एकमेकींवर चढतात आणि कोणती कोणाची ते कळेनासं होतं. म्हणून शास्त्रज्ञांनी शंखजिरं स्वतःच करायचं ठरवलं. ते खूप कठीणही नाही. मॅग्नेशियम आणि निकेलचे क्षार पाहिजे त्या प्रमाणात पाण्यात विरघळवायचे, त्यात सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं. क्षणात गोळा धरतो, चिकट आणि हिरवट. तो धुऊन सगळं मीठ काढून टाकायचं आणि पाण्यासह जाड पोलादी भांड्यात घट्ट बंद करून काही शे अंशांवर तापवत ठेवायचं. आत दाब वाढतो, आणि त्या दाबाखाली, त्या उष्णतेत अणू हळूहळू आपापल्या जागा धरतात. भांडं उघडलं की हाती येतं शंखजिरं. निकेल नसेल तर पांढरं, जितकं निकेल जास्त तितकं हिरवं. आणि आत काय आहे ते पैपैनं माहीत, कारण ते आपणच घातलेलं. १९६७ साली विल्किन्स आणि इतो या दोघांनी 'अमेरिकन मिनरॉलॉजिस्ट' या नियतकालिकात अशाच बनवलेल्या शंखजिऱ्यांचे अवरक्त वर्णपट छापले. बनवलेल्या खनिजाला नकली म्हणून नाक मुरडणारे लोक मला अजून भेटतात. त्यांना मी हेच सांगतो, की हे खनिज नसतं तर ३६४५ ची रेषा कोणाची, हे सांगायला कोणी साक्षीदारच नव्हता.

वर्णपट काढतात कसा, तेही बघा, कारण त्यात हाताचं कसब आहे. साध्या काचेतून अवरक्त प्रकाशाचा बराचसा भाग जात नाही. म्हणून पोटॅशियम ब्रोमाइड नावाचं पांढरं मीठ घेतात, ते या प्रकाशाला मोकळी वाट देतं. दीड-दोन मिलिग्रॅम शंखजिरं, तांदळाच्या कणीपेक्षाही कमी, आणि त्याच्या शंभरपट मीठ. अकिकाच्या लहानशा खलात दोन्ही एकत्र घोटायचं. इथं शंखजिरं त्रास देतं. ते बत्त्याखाली चुरडत नाही, सरकतं. कडेला पळतं, पुन्हा गोळा करून मध्ये आणावं लागतं. जोर लावून फार घोटलं तर पापुद्रेच मोडतात आणि सुईसारखी रेषा फुगून बसते. पुरेसं घोटलं की साच्यात भरून दाबयंत्रात काही टनांचा दाब देतात आणि नाण्याएवढी काचेसारखी पारदर्शक चकती निघते. मग ती वाळवायची, कारण हे मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि पाण्याची रुंद रेषा आपल्या बारीक रेषांच्या अगदी जवळ येऊन पसरते. पावसाळ्यात तर हे काम फारच जिकिरीचं. पण चकती चांगली जमली आणि कागदावर त्या चार रेषा वेगवेगळ्या उमटल्या, की मन कसं भरून येतं म्हणून सांगू!

आता हिशोब करा, पाट्या घ्या. निम्मं मॅग्नेशियम, निम्मं निकेल, आणि कोणी कुठंही बसावं अशी मोकळीक. तीन जागा आहेत. किती रीतींनी भरतील? प्रत्येक जागेला दोन पर्याय, म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन, ८ रीती. त्यात तिन्ही मॅग्नेशियम अशी १. एक निकेल अशा ३, कारण तो एकटा निकेल तिन्हींपैकी कुठल्याही जागी बसेल. दोन निकेल अशाही ३. तिन्ही निकेल अशी १. म्हणजे चार रेषांचं प्रमाण १, ३, ३, १ असं यायला हवं. मधल्या दोन मोठ्या, कडेच्या दोन छोट्या. निकेल पावच असेल तर २७, २७, ९, १. घरी करून बघा, जमेल.

आणि जर ते गट करून बसले असतील? मग मॅग्नेशियमच्या गटातल्या प्रत्येक हायड्रोजनला तिन्ही शेजारी मॅग्नेशियमच, आणि निकेलच्या गटात तिन्ही निकेलच. मधल्या दोन रेषा जवळजवळ नाहीशा, कडेच्या दोनच ठळक. बघा, दगड न विरघळवता, अणू न बघता, नुसत्या चार रेषांची उंची मोजून शेजार कळला.

प्रयोगशाळेत केलेल्या मॅग्नेशियम-निकेल शंखजिऱ्यांत रेषांच्या उंची मोकळेपणानं बसण्याच्या या हिशोबाच्या जवळ येतात. सुरुवातीच्या द्रावणातच दोघं मिसळलेले, तसेच ते पापुद्र्यातही मिसळून बसतात. आणि न्यू कॅलेडोनियाच्या हिरव्या दगडांत? १९८५ साली अलँ मान्सो आणि जॉर्ज काला या फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्या दगडांचा अभ्यास छापला. त्यांनी क्ष-किरणांचाही वर्णपट वापरला. त्यात निकेलचाच अणू क्ष-किरण गिळतो, त्यातून एक इलेक्ट्रॉन सुटतो, त्या इलेक्ट्रॉनची लाट शेजारच्या अणूंवर आपटून परत येते, आणि त्या परतलेल्या लाटेनं वर्णपटावर बारीक तरंग उठतात. शेजारी निकेल आहे की मॅग्नेशियम, ते त्या तरंगांवरून ओळखायचं. (आपल्याकडे इंदूरला इंडस-२ नावाचं यंत्र आहे, तिथंही असे प्रयोग चालतात.) उत्तर निघालं, की त्या दगडांत निकेल सारखं पसरलेलं नाही, ते घोळके करून बसलेलं आहे. बेटावरच्या खडकांवर युगानुयुगं उष्ण प्रदेशातला पाऊस पडला, खडक कुजला, पाण्याबरोबर निकेल खाली झिरपलं आणि सावकाश, थोड्याच उष्णतेत हे खनिज तयार झालं. बंद भांड्यातला काही शे अंशांचा कारभार वेगळा आणि हा वेगळा. कुठं, कसं जन्मलं याची खूण खनिज अशी पोटात बाळगतं, हे मला या सगळ्यातलं सगळ्यात मोठं नवल वाटतं.

"आबा, म्हणजे माणसानं केलं की नेहमी मिसळलेलंच असतं?" ओंकारनं हे विचारलं ते बरं झालं. नाही, नेहमी नसतं.

शंखजिऱ्याच्या 'टाल्क' या इंग्रजी नावाशी नाव जुळणारं आणखी एक पापुद्र्यांचं खनिज आहे, हायड्रोटाल्साइट. १८४२ साली नॉर्वेतल्या स्नारुम या गावचं म्हणून त्याची नोंद झाली. त्यात सिलिकॉन नाही. पापुद्रा आहे मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचा, त्यांना दोन्ही बाजूंनी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या चिकटलेल्या. पोटातल्या आम्लावरचं औषध म्हणून ते वापरतात, आणि औषधातलं सगळं कारखान्यात केलेलं असतं. करायला सोपं, मात्र एक पथ्य पाळावं लागतं. दोन पापुद्र्यांच्या फटीत कार्बोनेटला शिरायची भारी हौस. तिथं दुसरं काही बसवायचं असेल तर पाणी उकळून घ्यावं लागतं, हवा बाहेर ठेवावी लागते. तरी हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरलाच, तर अवरक्त वर्णपटात १३६० च्या आसपास रेषा उठते आणि चोरी पकडली जाते.

स्वित्झर्लंडमधल्या वाल्टर फाइटक्नेख्ट यांनी १९४२ साली अशी खनिजं बनवली होती. त्यांना वाटलं, एक पापुद्रा मॅग्नेशियमचा आणि एक ॲल्युमिनियमचा असे ते आलटून पालटून असावेत. १९६० च्या दशकात क्ष-किरणांनी दाखवलं, की दोघं एकाच पापुद्र्यात राहतात. पण त्यापुढे क्ष-किरणही थबकले. ते इलेक्ट्रॉन बघतात, आणि या खनिजात मॅग्नेशियमकडेही १० इलेक्ट्रॉन उरतात, ॲल्युमिनियमकडेही १०. ओळखायचं कसं? आणि ही खनिजं करणाऱ्यांना एक गोष्ट अनुभवानं माहीत होती: ॲल्युमिनियम एकूण धातूच्या एक तृतीयांशापर्यंतच आत शिरतं, पुढे नाही. असं का, हे त्या शेजारातच दडलं होतं.

इथंही प्रत्येक जोडीला तीनच धातू शेजारी. या वेळी हायड्रोजनचा सूर रेडिओ लहरींवर ऐकायचा होता, बलवान चुंबकात ठेवून. घन पदार्थात हे सूर एकमेकांत मिसळून गोंगाट होतो. १९५८ साली रेमंड अँड्र्यू यांनी यावर तोड काढली होती: पदार्थ चुंबकाच्या दिशेशी ५४.७ अंशांचा कोन करून गरगर फिरवायचा, की गोंगाट ओसरतो. हायड्रोजनसाठी हा वेग सेकंदाला दहा हजारांच्या पटीत लागतो. पॉल सिडेरिस, क्लेअर ग्रे आणि त्यांचे सहकारी यांनी या मार्गानं काढलेलं उत्तर २००८ साली 'सायन्स'मध्ये आलं.

एक तृतीयांश ॲल्युमिनियम मोकळेपणानं बसलं असतं, तर २७ जोड्यांपैकी ८ जोड्यांना तिन्ही शेजारी मॅग्नेशियम मिळाले असते, १२ जोड्यांना एक ॲल्युमिनियम, ६ जोड्यांना दोन आणि एकीला तिन्ही. प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक जोडीला दोन मॅग्नेशियम आणि एकच ॲल्युमिनियम सापडलं. ॲल्युमिनियमवर मॅग्नेशियमपेक्षा एक धन प्रभार जास्त असतो, म्हणून दोन ॲल्युमिनियम लगट करून बसत नाहीत. प्रत्येक ॲल्युमिनियमभोवती सहा मॅग्नेशियमचं कडं, असा नेटका नकाशा पडतो. ॲल्युमिनियम याहून कमी घातलं, तर काही जोड्यांना तिन्ही मॅग्नेशियम मिळतात, पण दोन ॲल्युमिनियम शेजारी येणं तिथंही टळतं.

"आणि निम्मं घातलं तर?" तर त्या नकाशात रिकामी जागाच नाही, मुक्ता. पुढचा प्रत्येक ॲल्युमिनियम दुसऱ्या ॲल्युमिनियमला खेटूनच बसवावा लागेल. ते त्याला मानवत नाही. मग जास्तीचं ॲल्युमिनियम पापुद्र्यात शिरतच नाही, बाहेर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड म्हणून वेगळं खाली बसतं.